अल्झायमर: लक्षणांचे नाव की मेंदूतील बदलांचे?

२०२४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोन तज्ज्ञगटांनी अल्झायमरची व्याख्या नव्याने मांडली, आणि त्या दोन व्याख्या एकमेकींशी जुळत नाहीत. एकीनुसार मेंदूतील ठरावीक बदल चाचणीत दिसले की आजार आहे, मग त्या व्यक्तीला काही त्रास होत असो वा नसो. दुसरीनुसार लक्षणे नसतील, तर केवळ अहवालावरून आजाराचे नाव देता येत नाही. या मतभेदाचे मूळ एकाच शब्दाने दोन गोष्टींचा भार वाहिला, यात आहे.

१९०६ मध्ये जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे डॉक्टरांच्या सभेत सादर झालेली या आजाराची पहिली रुग्ण पन्नाशीतली स्त्री होती. १९१० च्या एका जर्मन पाठ्यपुस्तकाने या आजाराला नाव दिले, तेव्हापासून पुढची अनेक दशके ते तुलनेने कमी वयात येणाऱ्या स्मृतिभ्रंशापुरतेच राहिले. म्हातारपणीचे विस्मरण हा वेगळा प्रकार मानला जाई. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये झालेल्या शवविच्छेदनांत वृद्धांच्या मेंदूतही या आजारात दिसणारे तेच बदल आढळले. मग वयाची ती भिंत पडली आणि दुर्मीळ समजला जाणारा आजार स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण ठरला.

१९८४ च्या निकषांनी निदानाच्या तीन पायऱ्या ठरवल्या: निश्चित, संभवनीय आणि शक्य. ‘निश्चित’ हा शब्द मेंदूच्या ऊतींची तपासणी झाल्याशिवाय, म्हणजे बहुधा मृत्यूनंतरच, वापरता येत असे. जिवंत रुग्णाच्या बाबतीत ‘संभवनीय’च्या पुढे जाता येत नसे आणि तेही स्मृतिभ्रंश उघड झाल्यावरच. या मांडणीतला प्रामाणिकपणा नंतरच्या निकषांत क्वचितच दिसतो. ती २७ वर्षे टिकली.

दरम्यान या आजारात मेंदूत साचणारे अमायलॉइड हे प्रथिन जिवंतपणी पेट स्कॅनवर (मेंदूची एक प्रकारची प्रतिमा-चाचणी) पाहता येऊ लागले, पाठीतून काढलेल्या पाण्यात अमायलॉइड आणि टाऊ हे दुसरे प्रथिन मोजता येऊ लागले. २००७ मध्ये एका गटाने स्मरणशक्तीच्या तक्रारीला अशा चाचणीची जोड देऊन, स्मृतिभ्रंश होण्याआधीच निदान करण्याचा प्रस्ताव मांडला. २०११ च्या निकषांनी आजाराचे तीन टप्पे केले आणि लक्षणपूर्व टप्पा केवळ संशोधनापुरता राखून ठेवला.

खरे वळण २०१८ चे. त्या वर्षीच्या संशोधन आराखड्याने लक्षणांना व्याख्येतूनच वगळले: अमायलॉइड आणि टाऊ दोन्ही असामान्य असतील तर अल्झायमर, लक्षणे ही फक्त त्याची तीव्रता सांगणारी. यामागे सबळ कारण होते. अमायलॉइडवरील औषधांच्या आधीच्या चाचण्यांत लक्षणांवरून निवडलेल्या बऱ्याच रुग्णांच्या मेंदूत अमायलॉइड नव्हतेच, असे नंतर उघड झाले होते. ज्यावर औषध मारा करते तेच नसेल, तर त्या औषधाचा निकाल वाचायचा कसा? तरीही औषधचाचणीसाठी रुग्ण निवडण्याची सोय आणि आजाराची व्याख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि २०१८ मध्ये पहिलीच्या गरजेतून दुसरी ठरवली गेली, असे या क्रमावरून वाटते.

२०२४ मध्ये हीच मांडणी संशोधनाच्या बाहेर, प्रत्यक्ष निदानासाठी पुढे आली आणि अधिक सैल झाली. आता अमायलॉइड पेट स्कॅन, पाठीतील पाण्यातले ठरावीक गुणोत्तर किंवा रक्तातील विशिष्ट टाऊची अचूक चाचणी, यांपैकी एकच असामान्य निकाल पुरेसा मानला गेला. दुसऱ्या गटाचा आक्षेप इथेच आहे. अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात बुद्धी शाबूत असलेल्यांपैकी अमायलॉइड आढळणाऱ्यांचे प्रमाण वयाच्या ५० व्या वर्षी सुमारे १० टक्के, तर ९० व्या वर्षी सुमारे ४४ टक्के दिसले होते. यांतील कित्येकांना हयातीत स्मृतिभ्रंश होणारही नाही. म्हणून या गटाने अशांसाठी ‘लक्षणरहित, जोखीम असलेले’ हा शब्दप्रयोग सुचवला. ज्यांना आजार होणे जवळजवळ अटळ आहे, उदाहरणार्थ काही विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या व्यक्ती, त्यांच्यासाठी ‘लक्षणपूर्व’ हा शब्द वेगळा ठेवला.

लक्षणे नसलेल्यांची चाचणी दैनंदिन उपचारात करू नये, हे दोन्ही गटांना मान्य आहे. मात्र संशोधनाच्या निमित्ताने ज्यांचे रक्त तपासले गेले, त्यांतल्या धडधाकट माणसाच्या हाती पडणाऱ्या कागदावर ‘जोखीम’ लिहायचे की ‘अल्झायमर’, हे त्या संशोधकांनी कोणती व्याख्या स्वीकारली आहे यावर ठरते.