आयपी भू-स्थाननिश्चिती : चुकीच्या निकालांचे निदान

आयपी पत्त्यावरून (इंटरनेटला जोडलेल्या उपकरणाच्या अंकी पत्त्यावरून) वापरकर्ता कोणत्या देशात वा शहरात आहे याचा अंदाज बांधणे म्हणजे आयपी भू-स्थाननिश्चिती. पत्त्याच्या अंकांत ठिकाण कुठेच लिहिलेले नसते. एपीनिक, राइप, एरिन अशा, आयपी पत्त्यांचे वाटप करणाऱ्या प्रादेशिक नोंदणी संस्थांच्या नोंदी, राउटरांची नावे, प्रतिसादाला लागणारा वेळ आणि सेवापुरवठादारांनी पुरवलेली माहिती जुळवून काही कंपन्या डेटाबेस तयार करतात आणि वेबसाधने त्यांतून उत्तर देतात. देश बहुधा बरोबर येतो. शहराची तेवढी खात्री नसते.

निकाल चुकला की दोष डेटाबेसवर ढकलला जातो. आधी पाहायचे ते साधनाने नेमका कोणता पत्ता शोधला हे. संकेतस्थळ प्रॉक्सी (विनंत्या पुढे पाठवणारा मध्यस्थ सर्व्हर), लोड बॅलन्सर (विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारी यंत्रणा) किंवा सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणी साठवून देणारे सर्व्हरांचे जाळे) यांच्या मागे असेल, तर सर्व्हरला त्या मधल्या यंत्रणेचाच पत्ता दिसतो. जगभरचे वापरकर्ते एकाएकी दोनचार शहरांतच दिसू लागले, तर पहिला संशय इथे घ्यावा. मूळ पत्ता सहसा ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या हेडरमध्ये (विनंतीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळीत) येतो, पण त्यातला डावीकडचा पहिला पत्ता डोळे झाकून उचलू नये. तो कोणीही मनाने भरून पाठवू शकतो. उजवीकडून सुरुवात करून आपल्या ओळखीच्या प्रॉक्सी गाळत जावे आणि पहिला अनोळखी पत्ता घ्यावा. ‘१०.’ किंवा ‘१९२.१६८.’ ने सुरू होणारे खासगी (फक्त अंतर्गत नेटवर्कमध्ये वापरायचे) पत्ते आणि सामायिक नॅटसाठी (अनेक ग्राहकांनी एकच सार्वजनिक पत्ता वापरण्याच्या पद्धतीसाठी) २०१२ मध्ये राखून ठेवलेला १००.६४.०.०/१० हा गट यांना भौगोलिक स्थानच नसते. त्यांच्यासाठी साधनाने ‘अज्ञात’ म्हणावे, हेच प्रामाणिक.

आणखी एक फसवा प्रकार कॅशचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या प्रतीचा. स्थान दाखवणारे पान सीडीएनने साठवून ठेवले, तर एकाचे शहर दुसऱ्याला दिसते. अशा वेळी लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) सगळे बरोबर असते आणि पडद्यावर चूक.

पत्ता बरोबर असूनही शहर चुकत असेल, तर मोबाइल नेटवर्क, व्हीपीएन (दुसऱ्या सर्व्हरमार्गे इंटरनेट वापरण्याची सोय) आणि सामायिक नॅट तपासावेत. तिथे हजारो ग्राहक दूरच्या एका गेटवेतून (नेटवर्कच्या दारातून) इंटरनेटवर बाहेर पडतात आणि डेटाबेस त्या गेटवेचे ठिकाण सांगतो. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ या आयपी पत्त्यांच्या जुन्या व नव्या पद्धतींवरून वेगवेगळी उत्तरे येणेही नवलाचे नाही, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे तपासावीत.

अक्षांश-रेखांश पाहून पत्ता दारापर्यंत सापडला असे समजणे सर्वांत घातक. मॅक्समाइंड या डेटाबेस कंपनीच्या डेटाबेसमध्ये ‘अमेरिकेत कुठेतरी’ एवढेच माहीत असलेल्या पत्त्यांना ३८ उत्तर, ९७ पश्चिम हा बिंदू दिला जाई. तो कॅन्ससमधल्या एका शेतघराशी पडत होता आणि ६० कोटींहून अधिक पत्ते त्याला जोडलेले होते. चोरी-फसवणुकीचा माग काढणारे पोलीस आणि चिडलेले लोक त्या दारात येत राहिले. २०१६ मध्ये प्रकरण उजेडात आल्यावर तो बिंदू एका जलाशयात हलवण्यात आला. म्हणूनच बिंदूसोबत येणारी अचूकतेची त्रिज्या वाचावी आणि साधनानेही ती दाखवावी. त्रिज्या शेकडो किलोमीटरची असेल, तर शहराचे नाव छापूच नये.

उरतात त्या जुनाट नोंदी. आयपीव्ही४ चे गट विकले जातात, एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जातात, पण डेटाबेसमध्ये जुना देश काही काळ टिकून राहतो. अशा वेळी दोनतीन डेटाबेसची उत्तरे ताडून पाहावीत. त्यांचे एकमत झाले म्हणजे उत्तर खरेच असे मात्र नाही, कारण मूळ स्रोत एकच असू शकतो. नेटवर्कचालकासाठी सरळ मार्ग जिओफीडचा आहे : पत्त्यांचा गट, देश, प्रांत आणि शहर स्वल्पविरामांनी वेगळे करून चालकाने स्वतः प्रसिद्ध केलेली फाइल. तिचे स्वरूप २०२० च्या आरएफसी ८८०५ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात दिले आहे. सामान्य वापरकर्त्याला डेटाबेस कंपनीच्या दुरुस्ती-अर्जावर भागवावे लागते.

अर्ज मान्य झाल्यावरही साधन जुनेच उत्तर देत राहिले, तर सर्व्हरवरच्या डेटाबेस फाइलची तारीख पाहावी. आपोआप अद्ययावत होण्याचे काम कधीच बंद पडलेले असते आणि कोणाच्या ध्यानात आलेले नसते.