जांभा: सड्यावरचा दगड घराच्या भिंतीत कसा आला

कोकणात घर बांधायचं ठरलं की पहिली चौकशी चिऱ्यांच्या भावाची होते. चिरा म्हणजे जांभ्याचा तासलेला, विटेहून बराच मोठा ठोकळा. देशावरच्या वाड्यांना आपण सर्रास 'चिरेबंदी' म्हणतो, पण तिथला चिरा काळ्या पाषाणाचा. तो घडवायला पाथरवटाची छिन्नी झिजते. जांभ्याचं तसं नाही.

सह्याद्रीचा काळा कातळ लाखो वर्षं पावसाने कुजला, त्यातली सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. तोच हा तांबूस, भोकाभोकांचा दगड. जमिनीत ओलसर असताना तो टिकावाने कापता येतो, आणि वारा-ऊन लागलं की टणक होतो. मलबारात अंगाडिपुरमला लोक तो असाच कापून विटांसारखा वापरतात हे फ्रान्सिस बुकॅननने पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटेराइट' म्हटलं. आपल्याकडे विहिरी, देवळं, गडगे त्याआधीपासून याच दगडाचे होते.

जांभ्याला पावसापासून जपावं लागतं. जुन्या गोव्यातलं बॉम जेझुस बॅसिलिका १६०५ मध्ये पुरं झालं; भिंती जांभ्याच्या, पण दर्शनी भागात वसईहून आणलेला काळा दगड आहे. १९५० च्या दशकात बाहेरचा गिलावा काढला गेला आणि तेव्हापासून उघडा जांभा पावसाळ्यागणिक झिजतो आहे. लाल दगड उघडा छान दिसतो हे खरं, पण जुन्या गवंड्यांनी चुन्याचा गिलावा उगाच दिला नव्हता.

पूर्वी माणूस टिकावाने खाच पाडून, पहारीने उचकटून एकेक चिरा काढायचा. आता सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, रुळ टाकतात, त्यावरून गोल पात्यांचं यंत्र आधी उभे, मग आडवे काप घेत जातं. लाल धुरळा आजूबाजूच्या आंब्याच्या पानांवर बसतो. खाण संपली की खड्डा तसाच उरतो आणि पावसात भरतो.

याच सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे जमिनीच्या कातळात कोरलेली चित्रं, आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावरचा कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. तरीही बरेच सडे कोणी चालून पाहिलेले नाहीत. खाणीचा परवाना देण्याआधी, कोरीव रेषा नीट दिसतील असं तिरपं ऊन असताना, तेवढं तरी व्हायला हवं.