दारू सोडल्यानंतरचा तिसरा दिवस

गटारी अमावास्या सरते, श्रावण लागतो आणि महाराष्ट्रात कितीतरी घरांत दारू एकाच दिवशी बंद होते. कुणी तुळशीची माळ घालतो, कुणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. घरच्यांना हायसं वाटतं. पण एखाद्या घरात तिसऱ्या रात्री तो माणूस घामानं निथळत उठतो, अंगावरून नसलेले किडे झटकतो, खोलीत कुणीच नसताना कुणाशी तरी बोलत राहतो. बाहेरचं काही लागलं असं समजून घरचे देवऋषीकडे धावतात. खरं तर तेव्हा त्याला दवाखान्यात न्यायला हवं, तेही तातडीनं.

याचं कारण मेंदूत आहे. मेंदूला शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते. वर्षानुवर्षं रोज हेच चाललं, की मेंदू तोल राखण्यासाठी उलट्या दिशेनं जोर लावायला शिकतो. रस्सीखेच आठवा. समोरच्यानं दोर एकदम सोडला, की आपण मागे कोसळतो. दारू अचानक थांबली की मेंदूचं तसंच होतं. शांत करणारं बळ निघून गेलेलं असतं आणि चेतवणारं मात्र पुरेपूर उरलेलं असतं.

शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात थरथरू लागतात. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक. भास, भ्रम आणि प्रचंड अस्वस्थता, म्हणजे डॉक्टर ज्याला डीटी म्हणतात ती अवस्था, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान येते. रोज पिणाऱ्या प्रत्येकालाच ती येत नाही, पण ज्याला येते त्याच्या जिवावर बेतू शकतं. 'मनाचा निश्चय असेल तर घरच्या घरी सुटते' हा सल्ला म्हणूनच मला घातक वाटतो. निश्चय हवाच, फिट मात्र निश्चयानं थांबत नाही.

दवाखान्यात काय करतात? क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध देतात. गाबाचा सुटलेला आधार ते काही दिवस पुरवतं आणि मग मात्रा हळूहळू उतरवत बंद करतात. यकृत फार बिघडलेलं असेल तर लोराझेपाम निवडतात. दुसरी गोष्ट साधी, पण फार मोलाची: थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. बरीच वर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ते बहुधा कमी झालेलं असतं. आपल्याकडे अशक्त माणसाला ग्लुकोजचं सलाईन लावून घेण्याची पद्धत आहे. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना दारूविषयी स्पष्ट सांगा, लाजू नका.

आठवड्याभरात शरीर सावरतं. ओढ मात्र राहते. ठरावीक वेळ, गुत्त्याकडे वळणारी गल्ली, पगाराचा दिवस, हे सगळं मेंदूत शिकलेल्या धड्यासारखं कोरलेलं असतं. इथे नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकाम्प्रोसेट यांसारखी औषधं आणि त्यांच्या जोडीला समुपदेशन, गट, कुटुंब लागतं. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच नव्या रुग्णाला हात देतो, हे तिथलं बळ आहे. कुणी मध्येच घसरला तर त्याला हाकलायचं नसतं; मधुमेह्याची साखर वाढली की आपण उपचार बदलतो, तसं इथेही करायचं असतं.

'नकळत देता येणारं दारू सोडवायचं औषध' अशा जाहिराती आपण पाहतो. अशा पुड्यांत काय असतं ते बाहेरून कळत नाही. डायसल्फिराम असेल तर धोका मोठा. हे औषध १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये जंतांवर तपासलं जात होतं. संशोधकांनी स्वतः गोळ्या घेतल्या, नंतर थोडी दारू घेतली आणि ते आजारी पडले. दारू पचताना तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड पुढे फोडणारं विकर (एन्झाइम) हे औषध बंद पाडतं. मग चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जाणून, तपासण्या करून आणि संमतीनं घेणाऱ्याला याचा उपयोग होतो. नवऱ्याच्या आमटीत गुपचूप मिसळणारी बायको मात्र प्रेमापोटी त्याचा जीव धोक्यात घालते. तिला दोष देववत नाही, कारण तिला दुसरा रस्ता कुणी दाखवलेलाच नसतो. केंद्र सरकारनं २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं आढळलं होतं.

सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे; घरचेही फोन करू शकतात. डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी आठवून जा: रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, आधी कधी दारू थांबवल्यावर फिट किंवा भास झाले होते का, आणि सध्या कोणती औषधं चालू आहेत. यातलं तिसरं उत्तर 'हो' असेल, तर दारू बंद करण्याचा दिवस डॉक्टरांना विचारूनच ठरवा.