हवा मोजायची पालिकेने, कायदा दुसऱ्याचा

30 डिसेंबर 2024 रोजी मुंबई महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व या दोन भागांतली सगळी बांधकामे थांबवण्याचा आदेश काढला. तिथला हवेचा निर्देशांक (आकडा जितका मोठा, तितकी हवा वाईट) 200 च्या वर गेला होता. थांबली ती बांधकामे. गाड्या चालू राहिल्या, कारखानेही चालू राहिले. यामागे पालिकेचा धुळीवर खास राग होता असे नाही. बांधकामाची परवानगी ती देते, म्हणून ते थांबवणे तिच्या हातात होते, इतकेच. मुंबईची हवा पालिका कित्येक दशके मोजत आली आहे, पण त्या हवेवरचा कायदा तिच्या ताब्यात कधीच नव्हता.

गोष्ट सुरू होते गिरण्यांच्या धुरापासून. 1854 मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ-लालबागचे आकाश चिमण्यांनी भरून गेले. बंगालने 1905 मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा केला. मुंबई इलाख्याने तसाच कायदा 1912 मध्ये केला आणि अंमलबजावणीसाठी वेगळा आयोग ठेवला, म्हणजे तेव्हाही हे काम थेट पालिकेकडे दिले नव्हतेच. धूर किती काळा आहे हे डोळ्यांनी ठरवायचा तो काळ. माझ्या मते धूर कमी करण्यात कायद्याहून मोठा वाटा विजेचा असावा. 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईत आली, तेव्हापासून गिरण्या हळूहळू वाफेवरून विजेवर जाऊ लागल्या. 1925 मध्ये व्हीटी-कुर्ला मार्गावर विजेची लोकल धावली.

मग धूर दुसरीकडे सरकला. 1950 च्या दशकात तुर्भ्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे ट्रॉम्बेला, दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले, औष्णिक वीज केंद्र आले, पुढे खताचा कारखाना आला. शेजारच्या चेंबूरला लोक ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले. शब्दांचा हा खेळ इतका सोपा होता की तो कोणी पहिल्यांदा केला हे विचारण्यात अर्थ नाही. पण गंधकाच्या वासाने खोकला येतो ही तक्रार होती, पुरावा नव्हता. तो उभा केला केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत यांच्या पथकाने. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी लालबाग, चेंबूर आणि खार इथल्या रहिवाशांची वर्षानुवर्षे तपासणी केली आणि तुलनेसाठी ग्रामीण भागातली माणसेही घेतली. तुलनेने स्वच्छ खारपेक्षा लालबाग-चेंबूरमध्ये छातीच्या तक्रारी जास्त निघाल्या. केईएम हे पालिकेचेच रुग्णालय. म्हणजे हवेने काय होते याची नोंद ठेवणारे हातही पालिकेच्या पगारावरचेच होते.

हवा मोजण्यासाठी पालिकेने स्वतःची प्रयोगशाळा चालवली. वरळी, खार, अंधेरी, भांडुप, बोरिवली, मरवली अशा ठिकाणी यंत्रे लावली आणि माहीम, अंधेरी, वडाळ्याच्या नाक्यांवर गाड्यांच्या धुराची वेगळी मोजणी केली. पद्धत ऐकायला साधी आहे. आधी वजन केलेल्या फिल्टर कागदातून ठरावीक वेळ हवा ओढायची, मग कागद पुन्हा तोलायचा. जे वजन वाढले ती धूळ. वायूंसाठी हवा एका द्रावणातून बुडबुड्यांनी जाऊ द्यायची आणि बदललेला रंग मोजायचा. यात चिकाटी लागते, आणि आकडा हातात येईपर्यंत ती हवा केव्हाच श्वासातून आत गेलेली असते.

या आकड्यांचे पुढे काय? राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 मध्ये स्थापन झाले. 1981 च्या केंद्रीय हवा कायद्याने कारखान्यांना संमती देणे, ती काढून घेणे, खटला भरणे हे सगळे अधिकार मंडळाकडे गेले. गाड्या परिवहन खात्याच्या. पालिकेकडे उरला अहवाल. शहरांच्या स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा देणाऱ्या 74 व्या घटनादुरुस्तीनंतर दरवर्षी 31 जुलैपूर्वी पर्यावरणाच्या सद्यःस्थितीचा अहवाल मांडणे तिच्यावर बंधनकारक झाले. हे जाडजूड अहवाल कंटाळवाणे असतात, पण शहर कसे बदलले ते त्यांत दिसते: सल्फर डायऑक्साइड वर्षागणिक खाली, धूळ मात्र मर्यादेच्या वर.

गाड्यांचा प्रश्न कोर्टात सुटला, निदान काही प्रमाणात. 1999 मध्ये धुराने त्रासलेल्या रहिवाशांची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली, परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढे जुन्या काळ्यापिवळ्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. याचिकेत पालिका प्रतिवादी होती. देवनारला तर ती उघडच आरोपीच्या पिंजऱ्यात. 1927 पासून चालत आलेल्या या कचराभूमीला जानेवारी 2016 मध्ये आग लागली. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. हवा मोजणारी आणि कचरा सांभाळणारी संस्था एकच.

तोवर मोजणी लोकांच्या मोबाइलवर आली होती. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेची हवा मोजणारी ‘सफर’ यंत्रणा 2015 मध्ये मुंबईत सुरू झाली, त्याच वर्षी देशाचा हवा गुणवत्ता निर्देशांकही आला. हा निर्देशांक सगळ्या प्रदूषकांची सरासरी नसतो. ज्या प्रदूषकाचा स्वतःचा आकडा, म्हणजे उपनिर्देशांक, सर्वांत जास्त, तोच त्या दिवसाचा आकडा. मुंबईत हिवाळ्यात हा मान बहुधा धुळीच्या सूक्ष्म कणांकडे जातो. एरवी खारे वारे आणि मतलई वारे मिळून शहराची घाण वाहून नेतात आणि या फुकटच्या झाडूवर आपण फार काळ विसंबून राहिलो. 2022-23 च्या हिवाळ्यात वाऱ्याने दगा दिला आणि धुरकट सकाळी आठवडेच्या आठवडे टिकल्या.

इथून पालिका खऱ्या अर्थाने कामाला लागली. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली 19 शहरे आहेत, एवढी दुसऱ्या कुठल्याही राज्याची नाहीत. त्यातच पंधराव्या वित्त आयोगाने मोठ्या शहरांच्या हवेसाठी स्थानिक संस्थांना पैसे देऊ केले. मार्च 2023 मध्ये मुंबईची हवा सुधारण्याचा आराखडा आला आणि ऑक्टोबरमध्ये 27 कलमी नियमावली. एक एकरापेक्षा मोठ्या प्रकल्पाभोवती 35 फूट उंच पत्रे, लहान प्रकल्पाला 25 फूट. इमारतीला हिरवे कापड, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाके धुणे, राडारोडा झाकून नेणे, आणि वॉर्डावॉर्डांत पथके. त्याच महिन्याच्या अखेरीस उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. पूर्वी जिथे गिरणीची चिमणी होती, तिथेच टॉवर उठत होते, त्यामुळे लक्ष धुळीकडे जाणे बरोबरच होते. पण 1888 च्या महापालिका कायद्यातले कलम 354-अ, म्हणजे काम थांबवण्याची नोटीस, हे पालिकेचे हक्काचे हत्यार आहे, हेही त्यामागचे कारण मानायला हरकत नाही. आणखी एक: मार्च 2022 मध्ये पालिकेच्या सभागृहाची मुदत संपली होती. हे सगळे नियम निघाले तेव्हा कारभार प्रशासकाचा होता आणि आपल्या प्रभागातल्या पत्र्यांची उंची विचारायला एकही नगरसेवक नव्हता.

जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने बेकऱ्यांकडे मोर्चा वळवला. लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या इंधनावर जावे, असा आदेश झाला. बेकरीचा परवाना कलम 394 खाली पालिका देते, त्यामुळे नोटिसा लगेच निघाल्या. भंगारातले लाकूड स्वस्त असते, गॅसचे बिल तसे नसते, आणि लाकडाच्या भट्टीतल्या पावाची चव वेगळी असे जुने बेकरीवाले सांगतात. ट्रॉम्बेच्या धुरांड्यांना मात्र संमती पालिका देत नाही, प्रदूषण मंडळ देते.