भूसंपर्कन (हौशी रेडिओ केंद्रातील)

हौशी रेडिओ केंद्रातील उपकरणांच्या धातूच्या पेट्या, अँटेना व वीजपुरवठा यांची जमिनीशी केलेली विद्युत् जोडणी, व्यवहारात ‘अर्थिंग’. या एका शब्दाखाली तीन कामे येतात: विजेच्या धक्क्यापासून संरक्षण, आकाशातील विजेचा निचरा आणि अँटेनाचा उरलेला अर्धा भाग पुरवणे. पहिल्या दोहोंविषयी वाद नाही. तिसऱ्याविषयी आहे, आणि भटक्या रेडिओ-कंप्रता प्रवाहाबद्दलचे (केबलच्या बाहेरून उपकरणांकडे परतणाऱ्या, रेडिओ लहरींच्या वारंवारतेच्या प्रवाहाबद्दलचे) गैरसमज तेथूनच सुरू होतात.

कल्पना रेडिओहून जुनी. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ श्टाइनहाइल यांनी १८३८ मध्ये तारायंत्राच्या परतीच्या तारेऐवजी जमीन वापरली. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ डॉल्बेअर यांच्या १८८६ च्या अमेरिकी पेटंटातही प्रेषक व ग्राहक दोन्ही जमिनीला जोडलेले आहेत. त्यामुळे भूसंपर्कित अँटेनाचे श्रेय मार्कोनी (१८९५ च्या सुमारास) यांना द्यावे का, असा प्रश्न निघतो. डॉल्बेअर यांची योजना विद्युत् तरंगांच्या जाणीवपूर्वक वापरावर उभी नव्हती, हे पाहता श्रेय मार्कोनींकडेच ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांच्या उभ्या तारेला जमीन लागत होती. अर्धतरंग डायपोलला (मधोमध जोडलेल्या, एकूण अर्ध्या तरंगलांबीच्या दोन भुजांच्या अँटेनाला) ती लागत नाही, तरी ‘अर्थिंग सुधारा’ हा सल्ला मात्र सरसकट टिकून राहिला.

अँटेनाला जोडणाऱ्या कोॲक्सियल केबलमध्ये (मधली तार व तिच्याभोवती धातूची जाळी) वाहक दिसायला दोन, प्रवाहाच्या वाटा तीन. ७ मेगाहर्ट्‌झला प्रवाह तांब्यात जेमतेम ०.०२५ मिमी. खोलवर शिरतो, म्हणून जाळीची आतली व बाहेरची बाजू वेगवेगळ्या तारांसारख्या वागतात. डायपोलपाशी आतल्या बाजूचा काही प्रवाह बाहेरच्या बाजूवर वळतो आणि केबलवरून टेबलापर्यंत परततो. मग मायक्रोफोनच्या धातूच्या जाळीला ओठ टेकताच बारीक चटका बसतो, आवाज फाटतो, संगणकाचा कळफलक अडतो. केबल मुठीत धरताच एसडब्ल्यूआर मीटरचा (अँटेनाकडून परावर्तित होणाऱ्या लहरींचे प्रमाण दाखवणाऱ्या मापकाचा) काटा हलणे ही यातली सर्वांत बोलकी खूण.

जमिनीत सळई ठोकून हे सहसा थांबत नाही. सरळ तारेचे प्रवर्तकत्व (बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण) मीटरमागे ढोबळमानाने १ मायक्रोहेन्री, म्हणजे १४ मेगाहर्ट्‌झला मीटरमागे सुमारे ८८ ओहमचा अडथळा. वरच्या मजल्यावरून सोडलेली तार पाव तरंगलांबीइतकी (२८ मेगाहर्ट्‌झला सुमारे अडीच मीटर) भरली, तर खालचे टोक जमिनीत असूनही वरचे टोक रेडिओ-कंप्रतेपुरते जमिनीपासून तुटल्यासारखेच असते. शिवाय ही तार स्वतःच अँटेना होऊन बसते.

परिणामकारक उपाय प्रवाह अडवण्याचा. स्विस अभियंता ग्वानेल्ला यांनी १९४४ मध्ये वर्णन केलेल्या रचनेतून पुढे आलेला १:१ प्रवाह-बलून (केबल व डायपोल यांमधील, दोन्ही भुजांत सारखा प्रवाह ठेवणारा जोड), किंवा फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कड्यातून केबलचे काही वेढे घेऊन केलेला चोक (प्रवाहरोधक), अँटेनाच्या जोडबिंदूशी बसवतात. बाहेरच्या प्रवाहाला त्याचा संरोध (एकूण अडथळा) काही हजार ओहम असावा. टेबलावरच्या पेट्या आखूड, रुंद पट्ट्यांनी एकमेकींना जोडतात. एका टोकाला जोडलेल्या तारेच्या अँटेनाला मात्र प्रतितार (अँटेनाच्या उरलेल्या अर्ध्या भागाचे काम करणारी तार) लागतेच. ती न दिल्यास केबलच तिची जागा घेते.

विजेपासून संरक्षणासाठी ठोकलेली सळई इमारतीच्या मुख्य अर्थिंगशी जोडलेली असावी लागते. दोन्ही सुट्या ठेवल्यास वीज पडताना त्यांच्यातील विभवांतर उपकरणांमधूनच वाट काढते.