गोळी चालेनाशी झाली की: शिश्नातलं इम्प्लांट समजून घेताना

तांडेल आले होते पायाच्या जखमेसाठी. पंधरा वर्षांचा मधुमेह, वय सत्तावन्न, स्वतःची फायबरची होडी. ड्रेसिंग झालं, गोळ्या लिहून दिल्या, तरी ते स्टुलावरून उठेनात. बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या बायकोनेच दार ढकललं आणि उभ्या उभ्या सांगितलं, "चार वर्सां झाली डॉक्टर, ह्ये पडवेत निजतत. भांडाण नाय, काय नाय." तांडेल जमिनीकडे बघत राहिले.

मालवणच्या बाजूला मी दवाखाना चालवतो. हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत मी अनेकदा ऐकलं आहे, आणि ते बहुतेक वेळा बायकोच्या तोंडून येतं. पुरुष बोलतो तेव्हा "जोर रव्हलो नाय" एवढंच. तोवर त्याने तालुक्याच्या बाजारातल्या पुड्या खाल्लेल्या असतात आणि अनेक वर्षं गप्प राहून काढलेली असतात. शिश्नाला ताठरता न येण्याच्या या आजारावर उपचार आहेत. सगळे थकले तरी शेवटी एक शस्त्रक्रिया उरते, शिश्नात इम्प्लांट म्हणजे कृत्रिम आधार बसवण्याची, आणि ती पन्नास वर्षांहून जुनी, पारखलेली आहे. आमच्या किनाऱ्यावर ती जवळजवळ कुणाला माहीत नाही, म्हणून हा लेख. तांडेलांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि लिहायची परवानगी दोघांकडून घेतली आहे.

आधी ताठरता येते कशी ते पाहू. शिश्नाच्या आत शेजारी शेजारी दोन लांबट नळकांडी असतात, आतून स्पंजासारखी. भोवती पांढऱ्या, चिवट पडद्याचं आवरण. मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत निरोप आला की तिथे नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो, स्पंजातले स्नायू सैल पडतात आणि रक्त आत धावतं. पण रक्त नुसतं येऊन भागत नाही, ते थांबलं पाहिजे. इथे मला नेहमी खाडीकाठचे खारबंधारे आठवतात. बंधाऱ्याच्या मोरीला बाहेरच्या बाजूने एक फळी टांगलेली असते. रायगडात त्या मोरीला उघाडी म्हणतात. भरती चढली की बाहेरचं पाणीच त्या फळीला दाबून दार लावून टाकतं. तिथे दार लावायला माणूस लागत नाही, पाण्याचा जोरच ते काम करतो. शरीरातही तसंच घडतं. फुगलेला स्पंज परतीच्या बारीक शिरांना त्या चिवट आवरणावर दाबून धरतो आणि रक्त आत अडकतं. ज्या जोराने ताठरता येते, त्याच जोराने ती टिकते.

मधुमेह या व्यवस्थेवर तिन्ही बाजूंनी घाव घालतो. निरोप नेणारे मज्जातंतू मंदावतात, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नीट बनवेनासं होतं, आणि स्पंजातल्या लवचिक स्नायूची जागा हळूहळू राठ तंतू घेतात. राठ स्पंज पुरेसा फुगत नाही, म्हणून शिरा पुरत्या दाबल्या जात नाहीत. उघाडीच्या फळीत चिखल अडकल्यासारखी गत होते: पाणी येतं, पण गळून जातं. उच्च रक्तदाब आणि तंबाखू यांनीही रक्तवाहिन्या अशाच बिघडतात. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूंना इजा झाली, तर ताठरता एकाएकी जाऊ शकते. मनाचा ताणही कारण असतो. पहाटे झोपेत ताठरता व्यवस्थित येत असेल, तर शरीराची यंत्रणा बहुधा शाबूत असते आणि उपचाराची दिशा वेगळी ठरते.

हे दुखणं किती पुरुषांना असतं? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ४० ते ७० वर्षांच्या पुरुषांची मोठी पाहणी झाली, तिचे आकडे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात ही तक्रार होती. पडवीत झोपणारे तांडेल एकटे नाहीत, एवढं तरी त्यांना सांगता आलं.

आणखी एक गोष्ट मी पहिल्याच भेटीत सांगतो. शिश्नाच्या रोहिण्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटर. चरबीचा थर दोन्हीकडे साचतो, पण बारीक नळी आधी तुंबते. म्हणून ताठरतेची तक्रार कित्येकदा छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधी येते. तांडेलांना मी आधी ईसीजी आणि ट्रेडमिल टेस्टला पाठवलं ते याचसाठी. दोन्ही ठीक निघाल्या.

गोळी त्यांनी घेऊन पाहिली होती. सिल्डेनाफिल १९९८ मध्ये बाजारात आलं, आणि त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइडवरच्या संशोधनाला नोबेल मिळालं. ही गोळी नायट्रिक ऑक्साइडचा निरोप जास्त वेळ टिकवते. पण निरोपच निघत नसेल तर ती काय टिकवणार? तांडेलांना दोन वर्षं गुण आला, मग बंद झाला. इथे एक इशारा. हृदयासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल कधीही घेऊ नये, रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या-कॅप्सूलमध्ये हेच औषध गुपचूप मिसळलेलं असल्याचं एफडीए या अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने अनेकदा पकडलं आहे. बाजारातल्या पुडीला मी एवढा का घाबरतो, ते आता लक्षात येईल.

गोळीनंतर व्हॅक्यूमचा पंप येतो: बाहेरून नळी लावून हवा ओढायची, रक्त आत आलं की मुळाशी रबरी कडं चढवायचं. काहींना तो पुरतो. तांडेलांच्या बायकोने एका शब्दात निकाल दिला, "थंड." खरंच आहे, कडं लावल्यावर तिथलं रक्त खेळतं राहत नाही, त्वचा गार पडते. त्यापुढे शिश्नात सुई टोचून द्यायचं औषध. तेही करून झालं, गुण आला नाही. मग कोल्हापूरला सर्जनकडे जायचं ठरलं. मीही सोबत गेलो.

फोंडाघाट चढताना तांडेलांनी विचारलं, आत घालतात तरी काय? मी त्यांना कुत्र्याची गोष्ट सांगितली. कुत्रा, वटवाघूळ, वॉलरस अशा बऱ्याच सस्तन प्राण्यांच्या शिश्नात हाड असतं. माणसाला ते नाही, आपला सगळा भार रक्तावर. म्हणून सर्जनांनी आधी हाडाच्याच वाटेने जाऊन पाहिलं. १९३६ मध्ये निकोलाय बोगोराझ या रशियन सर्जनने बरगडीची कूर्चा वापरून आधार तयार केला, पण अशी कूर्चा शरीर हळूहळू विरघळवून टाकतं. पुढे प्लास्टिकचे प्रयोग झाले. खरा टप्पा गाठला तो सिलिकॉनने. १९७३ मध्ये ह्यूस्टनचे ब्रँटली स्कॉट यांनी विल्यम ब्रॅडली आणि इंजिनिअर जेराल्ड टिम यांच्यासोबत फुगवता येणारं इम्प्लांट जगासमोर आणलं. १९७५ मध्ये मायामीच्या स्मॉल आणि कॅरियन यांनी सिलिकॉनच्या दोन सळयांचं साधं इम्प्लांट मांडलं. आजचे दोन्ही मुख्य प्रकार याच दोघांची सुधारलेली रूपं आहेत.

सर्जननी टेबलावर दोन्ही नमुने ठेवले आणि "हातात घ्या" म्हणाले.

पहिला साधा. वाकवता येणाऱ्या दोन सळया. त्या स्पंजाच्या दोन नळकांड्यांत कायमच्या बसतात. हवं तेव्हा हाताने वर करायचं, एरवी खाली वाकवून ठेवायचं. यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. खर्च दुसऱ्यापेक्षा कितीतरी कमी, कारण तो भारतातही बनतो, मुंबईचे डॉ. रुपिन शहा यांनी तयार केलेल्या सळईवर तर काढता येणारी आवरणं असतात, त्यामुळे रुग्णाच्या मापाप्रमाणे जाडी कमी-जास्त करता येते. उणीव अशी की कडकपणा चोवीस तास असतो. पातळ कपड्यातून तो जाणवू शकतो, आणि पुढे मूत्रमार्गातून दुर्बीण घालायची वेळ आली तर थोडी अडचण होते.

दुसरा तीन भागांचा. स्पंजाच्या जागी दोन पोकळ नळ्या, अंडकोशाच्या पिशवीत छोटा पंप, आणि ओटीपोटात, मूत्राशयाच्या शेजारी, सलाइनची पिशवी. तिन्ही बारीक नळ्यांनी जोडलेले, सगळं शरीराच्या आत. बाहेरून काही दिसत नाही. कातडीवरून पंप काही वेळा दाबला की पिशवीतलं पाणी नळ्यांत जातं, त्या फुगून कडक होतात. झालं की पंपावरचं बटण दाबायचं, पाणी परत पिशवीत. मधल्या झडपेमुळे पाणी आपोआप मागे येत नाही. नैसर्गिक ताठरतेच्या सर्वांत जवळ जाणारा प्रकार हाच, आणि पाश्चात्त्य देशांत बहुतेकांना हाच बसवतात. आपल्याकडे तो परदेशातून येतो, म्हणून खर्च लाखांत. ज्यात पंप आणि झडप आहे त्यात बिघाडही होऊ शकतो, पण दहा वर्षांनी दहातले साधारण आठ चालू स्थितीत असतात.

तांडेलांनी पंपाचा नमुना बोटांत धरला, एकदा दाबला आणि पहिल्यांदाच मान वर केली. "ह्यो तर आमच्या मशिनीचो गोळो." आउटबोर्ड इंजिनाच्या पेट्रोलच्या पायपावर एक रबरी गोळा असतो. इंजिन चालू करण्याआधी तो दाबून टाकीतलं पेट्रोल पुढे ढकलतात, आणि आतल्या झडपेमुळे ते मागे फिरत नाही. तत्त्व तेच. तीस वर्षं रोज पहाटे तो गोळा दाबणाऱ्या माणसाला माझ्या कुठल्याच आकृतीची गरज नव्हती.

मग सर्जननी त्यांना डोळे मिटून बटण शोधायला सांगितलं. तांडेलांना ते सापडेना. जाळं ओढून बोटांची कातडी जाड झालेली, त्यात मधुमेहाने बोटांची संवेदना गेलेली. तीनदा प्रयत्न झाले. दुकानात मोबाइल निवडावा तसं हे निवडता येत नाही, हे मला त्या पाच मिनिटांत समजलं. हातांची पकड, पोटावर आधी झालेल्या शस्त्रक्रिया, पैसा, घरात किती माणसं आणि किती आडोसा, हे सगळं बघून ठरवावं लागतं.

पुढचा अर्धा तास सर्जननी फक्त तोटे सांगितले, आणि मला ते फार आवडलं. पहिली गोष्ट: परतीची वाट नाही. सळई किंवा नळी बसवताना आतला स्पंज दाबला आणि फाटला जातो. पुढे इम्प्लांट काढलं तरी आपसूक ताठरता येण्याची आशा धरू नये, आणि गोळ्यांचाही उपयोग होत नाही. म्हणूनच हा उपाय शेवटचा. दुसरी: लांबी वाढत नाही; उलट तरुणपणीच्या आठवणीपेक्षा कमी वाटू शकते. शिश्नाचं टोकही पूर्वीसारखं फुगत नाही. तिसरी: इम्प्लांट फक्त ताठरता देतं. इच्छा, स्पर्शाची जाणीव, सुखाचा कळस आणि वीर्यस्खलन यांच्या वाटा वेगळ्या असतात. त्या शाबूत असतील तर तशाच राहतात, बिघडलेल्या असतील तर इम्प्लांटने सुधारत नाहीत.

आणि संसर्ग. परकी वस्तू शरीरात ठेवली की जंतू तिच्यावर चिकट थर करून बसतात, आणि त्या थरात अँटिबायोटिक पोचत नाही. मग बहुधा सगळं इम्प्लांट काढावं लागतं. अनुभवी हातांत, पहिल्यांदा बसवताना हे प्रमाण १ ते ३ टक्के असतं. मधुमेहात धोका वाढतो. २००१ पासून काही इम्प्लांटवर दोन अँटिबायोटिकांचा लेप येतो. त्यातलं एक रिफॅम्पिसिन, म्हणून ती नळी केशरी दिसते. टीबीच्या उपचारात ज्या औषधाने लघवी केशरी होते, तेच हे. अशा लेपांनंतर संसर्ग बराच घटला.

तांडेलांची तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) होती १०.४ टक्के. सर्जन म्हणाले, आठच्या खाली आणा, मग तारीख देतो.

बायकोने तिथेच हिशेब मांडला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होडी शाकारून किनाऱ्यावर. शस्त्रक्रिया साधारण तासाभराची, कमरेत इंजेक्शन देऊन. एक-दोन दिवसांत घरी. पण जड उचलायचं नाही आणि चार ते सहा आठवडे इम्प्लांट वापरायचं नाही. मग जूनच बरा. हातात पाच महिने होते. तिने भात मोजून वाढायला सुरुवात केली, आणि तांडेलांनी बंदरावरची गोड चहाची तिसरी-चौथी फेरी सोडली. मे अखेरीस साखर ७.६ आली.

त्यांनी सळयांचं इम्प्लांट घेतलं. गावात सांगितलं, कोल्हापूरला दातांचं काम आहे. पहिला आठवडा सूज आणि दुखणं बरंच होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. मी रोज जखम बघायला जायचो. वळचणीचं पाणी पडवीत उडत होतं, आणि तांडेल आतल्या खोलीत उशीला टेकून बसलेले असायचे. सहाव्या आठवड्यात दोघंही कोल्हापूरला तपासणीला जाऊन आले. परत आल्यावर मी एवढंच विचारलं, काही त्रास? तांडेल "नाय" म्हणाले. बायको म्हणाली, "पडवेतलो बिछानो काढलंय."

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. त्यानंतर महिन्याभराने, दवाखाना बंद करायच्या वेळी, त्याच बंदरावरचा एक माणूस आला. पन्नाशीचा, हातात मधुमेहाची फाइल. बाहेर कुणी नाही याची खात्री करून त्याने दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर, तांडेलान धाडल्यान. माकाय कोल्हापूरचां दातांचां काम करूचां आसा."

मी त्याला बसायला सांगितलं आणि आधी ईसीजी काढायला घेतला.