सोनटक्का की पेव? फुलाआधीच ओळखा

घरामागच्या सावलीत पाऊस लागला की आल्यासारख्या पानांचं उंच रोप वर येतं. कधीतरी कुणीतरी दिलेला गड्डा, नाव कुणालाच आठवत नाही. कोकणात आणि घाटाखाली असं रोप बहुधा सोनटक्का असतं, नाहीतर पेव. दोन्ही पावसाळी, दोघांची फुलं पांढरी. फूल आल्यावर कुणीही सांगेल, पंचाईत असते ती जून-जुलैत.

रोपाकडे वरून वाकून बघा. सोनटक्क्याची पानं दांड्याच्या दोनच बाजूंना, एकाआड एक असतात, त्यामुळे रोप बाजूने चपटं दिसतं. पेवाची पानं गोल जिन्यासारखी दांड्याभोवती चढत जातात, दांडाही पीळ घेतो. मला तरी एवढी खूण पुरते. खात्रीच हवी तर पेवाच्या पानाची पाठ चाचपा, मऊ मखमली लागते. सोनटक्क्याच्या पानाच्या बुडाशी, दांड्याला चिकटून, पातळ पापुद्रा असतो. गड्ड्याचा तुकडा मोडून हुंगला तर सोनटक्क्याला आल्याच्या जातीचा वास येतो. पेवाला येत नाही. पेव पूर्वी आल्याच्याच कुळात धरायचे, आता त्याचं कूळ वेगळं मानतात.

फुलांत साम्य रंगापुरतंच. सोनटक्का संध्याकाळी उमलतो आणि त्याच्या वासाने अंगण भरतं. पतंगांना बोलावण्याची ती सोय. फूल हिरव्या कणसातून लांब नळीवर बाहेर येतं आणि दुसऱ्या दिवशी मलूल होतं. पेवाचं फूल मोठं, चुरगळल्यासारख्या कडेचं, मध्ये पिवळसर, पण वास नाही. गजऱ्याच्या आशेने लावलं असेल तर निराशा ठरलेली. मात्र ते ज्या लाल कणसातून येतं ते फूल गळल्यावरही बरेच दिवस शोभतं. त्यावर मुंग्या दिसतील, औषध मारू नका; कणसावरचा गोड रस त्यांना हवा असतो.

जागेचं म्हणाल तर सोनटक्क्याला पाणी हवं. मोरीचं पाणी जातं तिथे तो फोफावतो, पण गडद सावलीत नुसती पानंच वाढतात, सकाळचं थोडं ऊन लागतंच. झाडाखालची सावली पेवाला जास्त मानवते, रानाच्या कडेला ते आपोआप उगवतंच.

नर्सरीत ‘इन्शुलिन’ नावाने मिळणारं नारिंगी फुलांचं रोप पेवाच्याच कुळातलं, पण वेगळी जात. परसातल्या पेवाची पानं मधुमेहावर म्हणून चघळू नका.

हिवाळ्यात पाणी मिळालं तर सोनटक्का बराच काळ हिरवा राहतो. पेव मात्र वाळून जमिनीत गडप होतं. मेलं समजून तिथे कुदळ चालवू नका, शेजारी एक काठी रोवा आणि पाऊस पडेपर्यंत त्याला पाणी घालू नका, गड्डा कुजतो.